कागदावर पंधरा

बाई,

आजच्या पेपरात तुम्ही आलात. म्हणजे फोटो माझा आहे, गळ्यात शिट्टी, मागे माझ्या मुली ओळीनं उभ्या. पण वरचा मथळा तुमचाच, ‘शिक्षिकेच्या हट्टापायी हुकली परदेशवारी’. नाव छापलं नाही एवढीच काय ती मेहेरबानी. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच. शाळेच्या फाटकापासून स्टाफरूमपर्यंत पोचेतो चौघांनी अडवून हळहळ व्यक्त केली. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "काय हो ही माणसं! स्वतःच्या विद्यार्थिनीचं चांगलं बघवत नाही." मी नेहमीसारखी मान हलवली. माझ्या दोन मुलींची सोळा वर्षांखालच्या मुलींच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेसाठी निवड झाली आहे, त्याची बातमी घ्यायला पेपरवाली मुलगी आली होती. सगळं विचारून झालं, वही मिटता मिटता तिनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला स्वतःला नाही का कधी जायला मिळालं?" आणि गेली बारा-तेरा वर्षं जे सांगत आलेय तेच मी सांगितलं. निवड झाली होती, पण आमच्या बाईंनी वयाच्या दाखल्यावर सही केली नाही. यात एक शब्द खोटा नाही. म्हणून तर इतकी वर्षं खपलं.

दमलेय हो बाई. काल दिवसभर त्या दोघींना घेऊन एक्स-रेच्या रांगेत बसले होते. आता नुसत्या दाखल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मनगटाचा फोटो काढतात, डॉक्टर हाडं बघून सांगतात मुलगी किती वर्षांची ते. आमच्या वेळी हे असतं तर तुम्ही सुटला असता. मशीननं सांगितलं असतं, शिव्या मशीनला बसल्या असत्या. मुली माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या आणि मी समोरच्या भिंतीवरच्या ‘शांतता राखा’कडे बघत बसले. तुम्हाला जाऊनही आता पाच-सहा वर्षं झाली. पेपर वाचून तुम्ही काही म्हणणार नाही, फोन करून झापणार नाही, याचाच मला वीट आलाय. भांडायचं म्हटलं तरी समोर माणूस लागतं.

तुम्ही आमच्या शाळेत आलात तेव्हा मुलींसाठी खेळ म्हणजे लंगडी आणि खो-खो. तुम्ही पहिल्याच आठवड्यात फुटबॉल घेऊन मैदानात उतरलात, पाचवारी साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. मुलं कंपाउंडच्या भिंतीवर चढून हसत होती. तुम्ही त्यांच्याकडे न बघताच एक लाथ अशी मारलीत की बॉल त्या भिंतीवर आदळला आणि चारजण पलीकडे उतरले. अकरा मुली काही जमेनात. आठ जणी आणि नववी तुम्ही. संस्थेचे एक सभासद समजावायला आले, की बाई, मुलींनी पाय वर करून खेळणं बरं दिसत नाही. तुम्ही म्हणालात, "मग तुम्ही नका बघू." अर्ध्या चड्ड्यांवरून आयांनी गोंधळ घातला, तर तुम्ही शिवणाच्या बाईंकडून गुडघ्याखाली येतील अशा शिवून आणल्यात. त्या घालून आम्ही अगदी ध्यान दिसायचो. पण सकाळी सहाला, मुलं यायच्या आत, ते मैदान आमचं असायचं.

मी तुमची लाडकी होते. लाडकी म्हटलं की तुम्हाला राग यायचा, पण होतेच. आमच्या मळ्यातून, झेंडूची तोडणी करून, मी सायकल हाणत यायची आणि तुम्ही ओरडायचात, "आली का घोडी? चल, पाच फेऱ्या." मुंबईला बहिणीकडे गेला होतात तेव्हा माझ्यासाठी खिळ्यांचे बूट आणलेत. दोन नंबर मोठे. पुढे कापूस कोंबून मी ते वर्षभर वापरले, घरी उशाशी घेऊन झोपायची. आई म्हणायची, "देवाजवळ ठिव ना त्यापरीस." आणि सिन्नरची ती मॅच. एक-एक बरोबरी, शेवटची दोन मिनिटं, बॉल माझ्या हाताला लागून आत गेला. पंचाला दिसलं नाही. शिट्टी वाजली, गोल! मुली माझ्यावर कोसळल्या. आणि तुम्ही पदर सावरत थेट मैदानात, पंचाकडे. "हाताला लागला होता. मला दिसला." पंच म्हणाला, बाई, मी दिलाय गोल. तुम्ही म्हणालात, "मग काढून घ्या." पुढच्या मिनिटाला त्यांनी गोल केला, आपण हरलो. परतीच्या एसटीत कोणी तुमच्याशी बोललं नाही. तुम्ही खिडकीजवळ एकट्या बसून शांतपणे भेळ खाल्लीत, नाशिक येईपर्यंत. उतरताना मला म्हणालात, "तुला माहीत होतं ना हाताला लागला ते? मग तू का नाही सांगितलंस?" मी बुटांची पिशवी उचलून चालू लागले. पण तुम्ही कशा आहात ते मला त्या दिवशी पुरतं कळलं.

मी नववीत असताना ती निवड झाली. युरोपातल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या गावात मुलींची स्पर्धा, वीसेक देशांचे संघ, सगळ्या सोळा वर्षांच्या आतल्या. आमच्यातल्या कोणी मुंबईचा समुद्रसुद्धा धड पाहिलेला नव्हता. पुण्याला दहा दिवसांचं शिबिर झालं, त्यातून यादी लागली, आणि यादीत मी. निफाडची एक मुलगी राखीव, म्हणजे कोणी गळालं तर ती जाणार. द्राक्षबागाइतदाराची मुलगी, चौदा वर्षांची, एवढीशी, दोन वेण्या घालून खेळायची. यादी लागली त्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फुलबाजारात पेढे वाटले. ज्या माणसानं मला चड्डी घालून खेळायला दोन वर्षं विरोध केला, तोच माणूस ओळखी-बिनओळखीच्याला सांगत सुटला, "पोरगी इमानात बसणार हाय."

मग तुम्ही रविवारी आमच्या घरी आलात, पासपोर्टचे आणि वयाचे कागद भरायला. वयाच्या दाखल्यावर संघाच्या शिक्षिकेची, म्हणजे तुमचीच, सही लागायची. हा दिवस मी माझा मलाच इतक्या वेळा सांगितलाय की आता आठवतो की पाठ झालाय तेच कळत नाही. आई चुलीपुढे बाजरीच्या भाकरी थापतेय. तुम्ही पाटावर, मांडीवर फायलीचा पुठ्ठा, पेनाचं टोपण दातात. मी तुमच्या शेजारी. जन्मतारखेची रेघ आली तशा तुम्ही हसलात. "एक जून! आमच्या निम्म्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी. एका केकमध्ये सगळ्यांचं भागेल." आईही हसली. आमच्याकडं कुणाला मुलांच्या तारखा लिहून ठेवायची सवय? शाळेत घालायला नेलं की गुरुजी म्हणायचे, डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धर. धरता आला की सहा पूर्ण, लिहा एक जून. मला पहिलीत बसवलं ते उशिरा. धाकटा भाऊ झाला होता, आई-अण्णा फुलं तोडायला जायचे, त्याला सांभाळायला मी. तो चालता-बोलता झाला तेव्हा माझी पाळी आली. मी आठ वर्षांची घोडी, माझा हात पलीकडच्या कानाच्याही खाली पोचत होता. गुरुजींनी बघितलं न बघितलं, सहा पूर्ण, एक जून.

आणि मग बोलता बोलता सिंहस्थाचा विषय निघाला. आई रंगात आली. "लय गर्दी व्हती बाई त्या मेळ्याला. ही माझ्या काखंत, डोक्यावर फुलांची पाटी. पंचवटीत एका साधूची जटाच धरली हिनं, सोडंना! दीड वर्साची व्हती, नुकती पळाया लागली व्हती." तुमचं पेन थांबलं. तुम्ही कागदाकडे पाहिलंत, मग आईकडे. "सिंहस्थात ही दीड वर्षाची होती?" आई म्हणाली, "व्हय की." तुम्ही म्हणालात, "वहिनी, कागदावर तर ही सिंहस्थानंतर जन्मलीय." आईला त्यात काही वावगं वाटलंच नाही. "कागदाचं काय बाई, गुरुजींनी लिवलं ते." तुम्ही टोपण लावलंत. चहा तसाच ठेवून उठलात. आई मला विचारत राहिली, "काय झालं गं? भाकरीला थांबल्या नाय?"

दुसऱ्या दिवशी खेळाच्या सामानाच्या खोलीत तुम्ही मला बोलावलंत. दार लोटलेलं, चुन्याचा वास, लेझीमची पेटी. "खरं सांग. किती वर्षांची आहेस?" मी म्हटलं, सतरा. तुम्ही लेझीमच्या पेटीचं झाकण लावलंत. मग म्हणालात, "तिथं बाराबारा-तेरातेरा वर्षांच्या पोरी येतात खेळायला. त्यांच्यात तुला उभी करू? माझ्याच्यानं नाही होणार. मी सही नाही करणार." तुमचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं. हे मात्र मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

अण्णा शाळेत आले, ते सगळ्या शाळेनं ऐकलं. "कागद सरकारी हाय! सरकार म्हणतंय पंधरा, तुम्ही कोण सतरा म्हणणाऱ्या?" तुम्ही म्हणालात, "मी तिची बाई आहे." त्यावर अण्णा जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. निफाडच्या बागाइतदारानं तुमच्या घरी द्राक्षांच्या पेट्या पोचवल्या, म्हणून तुम्ही त्याची मुलगी आत घुसवलीत, असं अण्णांनी फुलबाजारात पसरवलं. तुम्हाला द्राक्षं सोसायचीच नाहीत, घसा धरायचा, हे मला माहीत होतं. मी गप्प. माझ्या जागी निफाडची गेली. त्यांचा संघ सगळे सामने हरला, तरी परत आल्यावर ती मला भेटायला आली, तिकडच्या मैदानावरची हिरवळ किती मऊ ते सांगत बसली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. इकडे पालकांनी मुली काढून घेतल्या. ही बाई ऐनवेळी दगा देते म्हणे. संस्थेला निमित्तच हवं होतं. पुढच्या जूनपासून फुटबॉल बंद, तुमच्याकडे स्काउट-गाइड आणि शिवण. मी दहावीत होते. खिडकीतून बघायची, तुम्ही व्हरांड्यात मुलींना काजं-बटणं शिकवताय. एकदाही तुम्ही कोणाला खुलासा दिला नाहीत. बाई, राग येतो मला तुमचा त्यासाठी. थोडं भांडायला काय जात होतं तुमचं?

आणि घरी आईचं काय झालं ते तर तुम्हाला माहीतच नाही. अण्णांनी तिला वर्षानुवर्षं टोचलं, तुझ्या जिभेला हाड नाही, पोरीच्या नशिबावर पाय दिलास. ती अजून म्हणते. मागच्या महिन्यात माझ्या मुलींची निवड झाल्याचं सांगायला गेले तर डोळ्याला पदर लावून म्हणाली, "माझ्याच तोंडाला कुलूप नव्हतं गं." मी म्हटलं, जाऊ दे आई, जुनं झालं.

मला मात्र त्या गोष्टीनं चांगलं पोसलं. संधी हुकलेली खेळाडू. कॉलेजात त्याच्यावर सहानुभूती मिळाली. नोकरीच्या मुलाखतीत मी हेच सांगितलं आणि समोरच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. सासरी, शेजारीपाजारी, इंदिरानगरातल्या भिशीच्या बायकांतसुद्धा, कोणी ना कोणी विषय काढतंच, "हिला फॉरेनला जायचं होतं बरं का." मी जरा हसते, खाली बघते. कसं हसायचं तेही आता बसलंय.

तर आता सांगते. सिंहस्थाचा विषय निघाला नव्हता. मी काढला होता. तुम्ही तारीख लिहीत होतात, आई भाकरी उलटत होती, आणि मी म्हटलं, "आई, ती साधूच्या जटेची गोष्ट सांग ना बाईंना." आईला ती गोष्ट सांगायला फार आवडायची, दीड वर्षाची, काखेत, पळायला लागलेली, सगळं तपशीलवार. मला प्रत्येक शब्द माहीत होता. तुम्ही हिशोबाला पक्क्या, हे माहीत होतं. आणि कानावर पडल्यावर तुम्ही गप्प बसणार नाही, हे सिन्नरपासून माहीत होतं.

कारण पुण्याच्या शिबिरात मला कळून चुकलं होतं. नाशकात मी राणी होते हो बाई. मी पळाले की मागे कोणी नसायचं. मला वाटायचं मी भारी आहे म्हणून. तिथं चाळीस मुली, कोल्हापूरच्या, मुंबईच्या, आणि ती निफाडची चिमुरडी. तिसऱ्या दिवशी तिनं मला चकवलं. म्हटलं, चुकून. पाचव्या दिवशी पुन्हा, सातव्या दिवशी दोनदा. मी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, हातभर उंच, आणि ती माझ्या बाजूनं बॉल घेऊन निघून जायची, वेण्या उडवत. मला यादीत घेतलं ते अंगापिंडामुळं. तिथले एक सर दुसऱ्यांना म्हणताना मी ऐकलं, "पंधराच्या मानानं धिप्पाड आहे पोरगी." पंधराच्या मानानं! सतराच्या मानानं मी काय होते ते माझं मला कळलं. तिकडे वीस देशांसमोर सगळ्यांनाच कळलं असतं. मला रात्रंदिवस त्या मैदानाची भीती वाटत होती. मला जायचं नव्हतं. पण पेढे वाटून झाले होते, आणि मला ‘नको’ही म्हणायचं नव्हतं. मला हवं होतं की मी जायला लायक होते आणि कोणीतरी मला जाऊ दिलं नाही. त्या ‘कोणीतरी’च्या जागी मी तुम्हाला बसवलं. इतकं सोपं झालं ते की माझं मलाच नवल वाटलं.

तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही वाचणार नाही. खरं तर हे पेपरवालीला पाठवायला हवं. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, उद्या चार ओळींचा खुलासा छापतील ती माणसं. आईकडे जायला तर सायकलवरून वीस मिनिटं लागतात. मी दोन्ही करणार नाही, मला माहीत आहे. परवा त्या दोघी मुली जातील, त्यांना निरोप द्यायचा आहे, हार येतील, कोणीतरी भाषणात पुन्हा माझी गोष्ट सांगेल. हे कागद मी जुन्या गुणपत्रकांच्या गठ्ठ्यात घालीन. शाळा दर दोन वर्षांनी ते रद्दीत देते.

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी एकदाच आले. दुपार होती, तुमच्या बहीण औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तुम्ही एवढ्याशा झाला होतात, पण मला लगेच ओळखलंत. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी नुकतीच शाळेत लागले होते, मुलींचा संघ करतेय म्हटल्यावर केवढ्या खूश झालात. मग एकदम माझा हात धरून म्हणालात, "तुझं मी वाटोळं केलं का गं? फार ताठ वागले मी तेव्हा. सगळेच करत होते, मीही करून टाकायला हवी होती सही." आख्ख्या जन्मात न वाकलेली बाई माझ्यापुढे वाकली. खोलीत आपण दोघीच होतो. तिथं सांगता आलं असतं, दोन वाक्यांत. मी तुमच्या हातावर दुसरा हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ द्या बाई. मी तुम्हाला कधीच माफ केलंय." तुम्ही डोळे पुसलेत, म्हणालात, मोठ्या मनाची आहेस. बाई, त्या वेळी मला लाज वाटली नाही. बरं वाटलं होतं.